बाबांची दाढी करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण ज्यांनी बाबांना जमेतच धरलं नाही त्यांच्याबद्दल मी गेले कित्येक महिने भेटेल त्याला सांगत आलेय. मग तुमच्याबद्दलही चारचौघांतच बोललं पाहिजे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी स्वारगेट-सातारा मार्गावर झाली. गाडीत पाय ठेवायला जागा नसतानाही त्यांचं "शिरवळवाले पुढे या" शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या आवाजाची गुरगुर झाली आणि साध्या पाण्याचा घोटही श्वासनलिकेकडे जायला लागला. पहिल्या हॉस्पिटलने नाकातून नळी घालून घरी पाठवलं. "आता नळीवरच ठेवा, फार अपेक्षा नको," हे डॉक्टर बाबांच्या उशाशी उभं राहून माझ्याशी बोलले. बाबांना ऐकू येत होतं, सगळं कळत होतं.

मग कुणीतरी गिळण्याच्या स्नायूंना हलका करंट देणाऱ्या मशीनचं सांगितलं, म्हणून एका ठिकाणी गेलो. तिथे गळ्याला पट्ट्या लावायचे, मशीन सुरू करायचे आणि माणूस मोबाइल घेऊन बाहेर. दाढीच्या खुंटांवर पट्ट्या बसेनात, तर वरून चिकटपट्टी मारली. ती ओढून काढताना बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बघायला कुणी नसायचं. पैसे मात्र आगाऊ घेतले होते.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही मशीनला हातच लावला नाहीत. खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसलात आणि म्हणालात, "काका, केसांवर पट्टी नीट बसत नाही. दाढी करू का मी तुमची?" आणि थांबलात. उत्तराला वेळ लागत होता. मी बोलायला गेले तर तुम्ही हातानेच मला गप्प केलंत. बाबांनी मान हलवली तेव्हाच उठलात.

कोमट पाणी, फेस, नवं रेझर. लुळ्या पडलेल्या गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरलीत, कारण तिकडची बाजू त्यांना स्वतःला फुगवता येत नव्हती. पट्ट्या लावायच्या होत्या हनुवटीखाली आणि गळ्यावर. तेवढ्यापुरतं केलं असतं तरी काम भागलं असतं. तुम्ही दोन्ही गाल केलेत, मिशीची कड कोरलीत, कानामागचा फेस पुसलात आणि आरसा धरलात. बाबांनी चांगल्या हाताचं बोट मिशीवरून फिरवलं. झटका आल्यापासून त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिलाच नव्हता, आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. "आज कातडी शांत होऊ दे, मशीन उद्या," असं म्हणून तुम्ही आम्हाला घरी पाठवलंत.

पुढचं सगळं तुम्ही बाबांनाच समजावलंत. त्यांचंच बोट त्यांच्या कंठमण्यावर ठेवून दाखवलंत, की घोट गिळताना तो वर सरकला पाहिजे, तरच श्वासनलिकेचं दार मिटतं. करंट काही मिलिअँपिअरचाच, मुंग्या आल्यासारखा. पण तो चालू असताना जोर लावून गिळायचं काम बाबांचं. नुसत्या पट्ट्या लावून पडून राहण्यात अर्थ नाही. हे त्या आधीच्या ठिकाणी एकदाही कुणी बोललं नव्हतं! प्रत्येक घोटानंतर "आ" म्हणायला लावायचात. आवाज ओला आला तर घशात काहीतरी राहिलंय, खाकरा आणि पुन्हा गिळा. खोकला आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका, काही जणांच्या श्वासनलिकेत अन्न गुपचूप उतरतं, हेही तुम्हीच बजावलंत. आणि विचारल्यावर सरळ सांगितलंत की या मशीनच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, काहींना फरक पडतो, काहींना नाही, व्यायाम मात्र कुणालाच चुकत नाही. पैसे घेणाऱ्या माणसाने इतकं खरं बोलणं आम्हाला नवीन होतं.

बाबांनी आयुष्यभर म्हाताऱ्या बायांना हाताला धरून गाडीत चढवलं, सुट्टे नसलेल्यांना स्टँड येईस्तोवर सांभाळून घेतलं. अशा माणसाशी त्याच्या वाईट दिवसांत नीट तोंडाकडे बघून बोलावं, याला पदवी लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. तरी ते इतकं दुर्मीळ का झालंय, याचा मला अजून राग येतो.

नळी निघाली. मऊ भात, वरण, पावडर घालून दाट केलेला चहा जातो. साधं पाणी अजून नाही. एक्स-रेत दिसणारं बेरियमचं द्रावण पाजून पुन्हा गिळतानाचा एक्स-रेचा व्हिडिओ काढल्यावर ठरेल, असं तुम्ही म्हणालायत. आवाज पूर्वीचा नाही, पण परवा शेजारच्या खोलीतून त्यांनी आईला हाक मारली आणि ती ओ देऊन गेली.

ताई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. गुरुवारी येतोच आहोत. आईने लिंबाचं गोड लोणचं घातलंय, तुमच्यासाठी बरणी वेगळी काढून ठेवलीय. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
काकांची मुलगी
धनकवडी, पुणे