ब्लॅकबेरीवरचा तांबेरा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "अगं, फवारणी कर, उपटायची कशाला?" आवाज तुटत होता, म्हणून आता सविस्तर लिहिते.

कुंपणालगतची ब्लॅकबेरीची झुडपं मी मुळासकट काढली. आई, इथे असताना तू रोज सकाळी वाटी घेऊन जायचीस, तीच. तुला वाईट वाटेल. मलाही फार वाटलं.

एप्रिलमध्ये फुटवे आले तेच काटकुळे, एका जागी दाटलेले, पानं फिकट. मे लागल्यावर पान उलटून पाहिलं तर खाली मेणचट फोड. ते फुटले आणि भडक नारिंगी भुकटी बाहेर आली. नुसतं बोट फिरवलं तरी हळदीत बुडवल्यासारखं व्हायचं.

आपल्या सोयाबीनवरचा तांबेरा पानावर असतो, वेळेवर बुरशीनाशक मारलं की आटोक्यात येतो. हा तसा नाही, बाबा. ही बुरशी झाडाच्या अंगात भिनते, मुळांत ठाण मांडते. पेनसिल्व्हेनियातल्या थंडीतही मरत नाही. दर वसंतात नव्या फुटव्याबरोबर वर येते. एकदा लागण झाली की कुठल्याच औषधाने झाड बरं होत नाही. ते मरतही नाही, फक्त फळ धरत नाही आणि वाऱ्यावर रोग पसरवत राहतं. शेजारच्या झाडाला लागण झाली तरी ते त्या वर्षी चांगलंच दिसतं, कळतं पुढच्या वसंतात. त्यामुळे थांबून बघण्यात अर्थ नव्हता.

वारा पडलेला बघून प्रत्येक झुडपावर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवून बांधली, मग कुदळीने खणलं. बारीक मुळ्यासुद्धा वेचल्या. ओढ्याकाठच्या रानटी ब्लॅकबेरीवरही तोच नारिंगी रंग होता. तीही काढली, नाहीतर बागेतली मेहनत वाया. शेजारच्या काकूंनी प्रेमाने त्यांच्याकडचे फुटवे देऊ केले, पण मी नको म्हटलं. वरून निरोगी दिसणाऱ्या झाडाचाही भरवसा नाही. नवी रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणीन.

काळ्या रासबेरीलाही हा रोग होतो, त्यामुळे ती रोज तपासते. लाल रासबेरीला मात्र होत नाही. आई, तिला यंदा भरपूर कळ्या आहेत आणि जुलैत ती ऐन बहरात असते. तुमची तिकिटं जुलैच्या पहिल्या आठवड्याची काढू का? बाबांची पेरणी उरकली असेल ना तोवर? लगेच कळवा.

तुमची,
मनू