शेवटचा रिकामा रकाना

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय, म्हणजे आजीलाही वाचून दाखवशील. तुझा सुट्टीचा प्रोजेक्ट काल रात्री बसून वाचला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले बारा खटले, प्रत्येकाचं साल, निकाल, किती विरुद्ध किती, सगळं नीट लिहिलंयस. फक्त 'अल्पमत', म्हणजे निकाल न पटलेल्या न्यायाधीशांनी लिहिलेलं वेगळं मत, हा शेवटचा रकाना सगळीकडे रिकामा. फोनवर म्हणालीस, "आई, जे हरले त्यांचं वाचून काय करायचं?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही.

तुझ्या यादीतला गिडियनचा खटला घे. फ्लोरिडातल्या एका पूल हॉलमध्ये (बिलियर्ड्ससारखा खेळ खेळायच्या जागी) चोरी केल्याचा आरोप, शिक्षण आठवीपर्यंत, वकिलाला द्यायला पैसे नाहीत. त्याने कोर्टाकडे वकील मागितला, पण फ्लोरिडात तो फक्त मृत्युदंडाच्या खटल्यांत मिळे. पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. इथवर तुझ्याकडे आहे.

आता १९४२ चा बेट्स विरुद्ध ब्रॅडी काढ. प्रश्न हाच, आरोपी मेरीलँडचा शेतमजूर. तो सहा विरुद्ध तीन मतांनी हरला. त्या तिघांचं मत कोणी लिहिलं होतं बघ. ब्लॅक यांनीच! एकवीस वर्षं ते नुसतं छापून पडलं होतं. गिडियनचा खटला पुन्हा चालला तेव्हा शेजारी वकील होता, आणि ज्यूरीने, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, साधारण तासाभरात त्याला निर्दोष सोडलं.

म्हणून हरलेला नेहमी बरोबरच असतो असं समजू नकोस हं. गिडियनची बाजू सुप्रीम कोर्टात मांडणारे वकील एब फोर्टस पुढे स्वतः न्यायाधीश झाले. टिंकरचा निकाल त्यांचा. तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर, तीही आठवीतलीच, व्हिएतनाममध्ये मेलेल्यांसाठी दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली आणि निलंबित झाली. १९६९ मध्ये मुलं सात विरुद्ध दोन मतांनी जिंकली. त्या दोघांत ब्लॅक होते, वय ब्याऐंशी. मुलांनी शाळेत शिकायला यावं, मोठ्यांना शिकवायला नव्हे, असा त्यांचा सूर. मला ते मुळीच पटत नाही. तरी वाच. शाळेच्या कामात अडथळा येत नसेल तरच मुलांना असं मत मांडता येईल, ही अट फोर्टस यांनी इतकी जपून का घातली, ते मला ब्लॅक वाचल्यावरच कळलं.

आता तुझ्या यादीत नसलेला एक खटला. मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस. गोरी नाही म्हणून मला कोणी परत पाठवलं नाही. भगतसिंग थिंड पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व 'गोऱ्या' माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानी ताकाओ ओझावा यांना नकार देताना न्यायमूर्ती सदरलंड म्हणाले, गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे वंशशास्त्रज्ञ ज्याला त्या नावाच्या वंशात मोजतात तो. थिंड म्हणाले, तुमचे वंशशास्त्रज्ञ आम्हाला कॉकेशियनच म्हणतात. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच सदरलंड यांनी लिहिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले! या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. भारतीयांना दार उघडणारा कायदा आला १९४६ मध्ये. हे वाचताना मला अजून रडू येतं.

या खटल्यात अल्पमत नाहीच. एकाही न्यायाधीशाने वेगळं मत लिहिलं नाही.

ते तू लिही, मनू. ओझावाचा निकाल शेजारी ठेव आणि सदरलंड यांची वाक्यं सदरलंड यांच्यासमोरच मांड. राग येईल, पण कागदावर मुद्दा उतरू दे. एक पान पुरे. बाईंना द्यायचं की नाही ते तू ठरव, मला मात्र पाठव.

आजीला नमस्कार सांग.

तुझी,
आई