वरच्या वाडीतल्या केबलवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, चतुर्थीच्या गडबडीत तुमचे नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमचं देवगडचं घर जुनं, भिंती जाड चिऱ्याच्या, राऊटर पडवीत आणि मी माजघरात बसून ऑफिसचं काम करते, त्यात चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले की प्रत्येकाचा मोबाईल त्याच वायफायवर, मग माझी मीटिंग दर दोन मिनिटांनी अडकणार. माझ्या पातळ लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे नेटची केबल लावायचं, भोकच नाही हे बघून तुम्ही स्वतःचा यूएसबीचा अडॅप्टर काढून दिलात आणि वाशांवरून केबल आत आणलीत. तरी स्पीड 100 एमबीपीएसवरच अडकला होता. दुसरा कोणी असता तर नेट चालतंय ना म्हणून निघून गेला असता, पण तुम्ही प्लग उलटा करून बघितलात, खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडलेल्या. 100 ला चारच तारा पुरतात, 1000 ला आठही लागतात, एक जरी नीट टेकली नाही की स्पीड खाली येतो, हे मला तेव्हा कळलं. टोक कापून नवा प्लग क्रिंप केलात, म्हणजे पकडीने दाबून बसवलात, पांढरी-नारिंगी तार पहिली, तपकिरी शेवटची, आणि लगेच 1000 दिसले.

पण खरे आभार त्या संध्याकाळचे. भाऊ सिंगापूरला, आजीला मोबाईलवर त्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून आरतीच्या वेळी त्याचा व्हिडिओ कॉल टीव्हीवर लावायचा होता. लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीवर दाखवायला विंडोज आणि के ही बटणं दाबून दाबून मी रडकुंडीला आले, टीव्हीचं नावच येईना. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "भियाव नको, होतला. वायफाय बंद केलंस काय गो?" केलंच होतं की! लॅन लागली आता वायफाय कशाला असं मला वाटलेलं. तेव्हा तुम्ही समजावलंत की आपला टीव्ही मिराकास्टवर, म्हणजे वायरशिवाय स्क्रीन टीव्हीवर पाठवायच्या पद्धतीने, लॅपटॉपशी थेट वायफायने बोलतो, मध्ये राऊटर नाही की इंटरनेट नाही, म्हणून नेट केबलवर असलं तरी लॅपटॉपचं वायफाय चालूच पाहिजे. चालू केलं आणि नाव आलं.

आपल्याकडे रात्रीचे आठ, तिथे साडेदहा, भाऊ टीव्हीभर दिसत होता, आणि आजी आरतीचं ताट हातात घेऊन आधी गणपतीला आणि मग टीव्हीला ओवाळत होती. घरातल्या कोणीच तिला थांबवलं नाही.

पैसे विचारले तर तुम्ही गाडीला किक मारून निघून गेलात. तुमचा अडॅप्टर अजून माझ्याकडेच आहे दादा, आणि आजीने तुमच्यासाठी आमसुलं बांधून ठेवलीत, येऊन दोन्ही घेऊन जा.