विश्वाला केंद्र नाही, मग चित्रात ते आले कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला विश्वाच्या अंतावरचा लेख वाचला. खरे तर आधी महास्फोटाचे (बिग बँगचे), म्हणजे विश्वाच्या आरंभाचे चित्रच पाहिले, कारण अर्धे पान त्यानेच व्यापले होते. काळ्याकुट्ट पोकळीच्या मधोमध फुटलेला आगीचा गोळा आणि त्यातून चहूबाजूंना फेकल्या गेलेल्या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह). वर ठळक मथळा, ‘विश्वाचा अंत ठरला!’ लेखातल्या चुकांबद्दल लिहायचे आहेच, पण आधी या चित्राबद्दल लिहिते. अशाच एका चित्रापायी माझ्या विद्यार्थिनीवर झालेला अन्याय मी समोर उभी राहून पाहिला आहे.

मी ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीतल्या एका मुलीने विश्वाच्या प्रसरणाचा विषय घेतला. तिची आई घरी शिवणकाम करते, त्यामुळे रुंद इलॅस्टिक आणि डबाभर बटणे हाताशी होती. तिने इलॅस्टिकच्या लांब पट्टीवर सारख्या अंतराने बटणे टाचली, दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या बांधल्या आणि खाली मोजपट्टी चिकटवली. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, “कुठलंही एक बटण तुमचं समजा. आता ओढा.” शेजारचे बटण दोन सेंटिमीटर लांब गेले, की त्यापलीकडचे चार आणि त्याच्याही पलीकडचे सहा. मग म्हणायची, “आता दुसरं बटण धरा.” पुन्हा तेच. प्रत्येक बटणाला वाटणार की बाकी सगळी आपल्यापासून दूर पळताहेत, आणि जे जितके लांब ते तितक्या वेगाने.

एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दीर्घिकांची अंतरे आणि त्यांची ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकणे) जुळवून मांडलेला नियम तो हाच. जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरूंनी आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून तो दोन वर्षे आधीच काढला होता. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन या नियमाला दोघांचेही नाव द्यावे अशी शिफारस केली. त्या मुलीने तक्त्यावर दोन्ही नावे लिहिली होती. आपल्या लेखात लमेत्र नाहीतच.

तिने आणखी एक गोष्ट स्वतःहून टिपली होती, मी शिकवलेली नव्हे. इलॅस्टिक ताणले तरी बटण ताणले जात नाही. म्हणूनच पृथ्वी फुगत नाही, सूर्यमाला फुगत नाही, आपली आकाशगंगाही फुगत नाही. गुरुत्वाकर्षणाने जे घट्ट बांधलेले आहे ते तसेच राहते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याच दिशेने येते आहे. चौदा वर्षांच्या मुलीने हे शिलाईच्या डब्यातून शोधले होते.

परीक्षक आले. त्यांनी इलॅस्टिकला हातही लावला नाही. “स्फोट कुठे झाला ते दाखव,” म्हणाले. ती म्हणाली, “सर, तो एका जागी झालाच नाही. जागाच ताणली जातेय, त्यामुळे विश्वाला मध्य नाही.” यावर त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट केले. तिथे थर्माकोलच्या गोळ्यात लाल बल्ब लावला होता, त्यातून तारा बाहेर काढून टोकांना दीर्घिका डकवल्या होत्या आणि मागच्या पुठ्ठ्यावर वर्तमानपत्रातले एक रंगीत कात्रण होते. चित्र कालच्यासारखेच, मधोमध स्फोट. “हे बघ, पेपरात काय दाखवलंय आणि तू काय सांगतेस,” असे म्हणून ते पुढे गेले. गुणपत्रिकेवर शेरा होता, ‘संकल्पना अस्पष्ट’. बल्ब जिल्ह्याला गेला.

परतीच्या एसटीत तिने मला विचारले, “मॅडम, पेपरात चुकीचं कसं छापतील?” ते कात्रण कोणत्या दैनिकाचे होते हा प्रश्न गौण आहे. काल तेच चित्र आपण पुन्हा छापलेत, म्हणून आता हा प्रश्न तुम्हाला विचारते.

स्फोट एका ठिकाणी झाला असता तर त्याची ऊब त्या एका दिशेने आली असती. प्रत्यक्षात काय दिसते? १९६४-६५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर सापडली, ती काही केल्या जाईना. आत कबुतरांनी घरटे केले होते. ते काढले, विष्ठा घासून साफ केली, तरी खरखर तशीच. अँटेना कुठेही वळवा, रात्र असो की दिवस, उन्हाळा असो की हिवाळा, सारखीच. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळ्या झालेल्या प्रकाशाचा तो अवशेष होता. आज त्याचे तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. पुढे कोबी (COBE) आणि प्लँक या उपग्रहांनी तो अधिक बारकाईने मोजला, तेव्हा एका दिशेपासून दुसऱ्या दिशेपर्यंतचा मूळ फरक लाखात एक भाग इतकाच निघाला. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर केंद्र लागले नाही की ज्या मुंग्या दिसायच्या, त्यातला थोडासा वाटा याच प्रकाशाचा होता. एवढा मोठा पुरावा आपल्या घरातल्या पडद्यावर येऊन गेला आणि पूर्ण पानाच्या लेखात त्याला एक ओळही मिळू नये?

आता मथळ्याकडे येते. ‘अंत ठरला’ हे कोणी ठरवले? अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किट पीक वेधशाळेतल्या डेसी (DESI) प्रकल्पाने मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे) यांच्या मोजणीवर आधारित निष्कर्ष जाहीर केले. पाच हजार प्रकाशीय तंतू एकेका दीर्घिकेवर नेमके रोखून केलेले हे काम आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. इतर निरीक्षणांशी ती मोजणी जुळवली असता असे सुचते, की कृष्णऊर्जा, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा, कायम सारखी नसून ती हळूहळू दुर्बळ होत असावी. ‘असावी’ हा शब्द शास्त्रज्ञांचा आहे. त्यांची खात्री कोणती निरीक्षणे सोबत घेतली त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा (अशी खात्री मोजण्याचे माप) भरते. भौतिकशास्त्रात शोध लागला असे म्हणायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक इतकी खाली यावी लागते. तिथवर ते अजून पोचलेले नाहीत आणि तसे त्यांनीच स्पष्ट सांगितले आहे.

त्यातून आपला लेख म्हणतो, ‘विश्व आकसू लागले’. १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून (स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांवरून) दोन गटांनी दाखवले की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्यासाठी २०११ चे नोबेल मिळाले. डेसीचा संकेत इतकाच, की ही वाढ पूर्वीइतक्या जोमाने होत नसावी. वेग वाढण्याचे प्रमाण घटणे आणि गाडी मागे फिरणे यांतला फरक माझ्या सातवीच्या मुलांनाही कळतो. कृष्णऊर्जा आहे तशीच राहिली तर दूरच्या दीर्घिका एकेक करून नजरेआड जातील आणि लाखभर अब्ज वर्षांनी शेवटचे तारेही विझतील. ती पुढे फार कमी होऊन उलटी खेचू लागली तरच आकसण्याची गोष्ट येते. आज प्रसरणाचा दर किती, यावरही एकमत नाही: प्लँकच्या मोजणीवरून तो दर सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला सुमारे ६७ किलोमीटर येतो, सुपरनोव्हांवरून ७३. वाद चालू असलेल्या खटल्यात आपण निकाल छापून मोकळे झालात.

आज सकाळी वर्गात पहिला प्रश्न आला, “मॅडम, जग कधी बुडणार?” विचारणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर भीती होती. सूर्याचीच अजून सुमारे ५०० कोटी वर्षे शिल्लक आहेत, हे सांगितल्यावर तो खाली बसला. हे एक वाक्य लेखात घातले असते तर किती मुले शांत झोपली असती!

सगळ्यात जास्त वेदना मात्र कोपऱ्यातल्या चौकटीने दिली. डॉ. जयंत नारळीकर यांचे छायाचित्र आणि खाली ओळ, ‘महास्फोट सिद्धान्ताचे भारतीय शिल्पकार’. ज्या माणसाने आयुष्यभर महास्फोटाच्या विरोधात गणित मांडले त्यांच्या नावापुढे हे? ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर ते स्थिर स्थितीच्या, म्हणजे विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या सिद्धान्ताच्या बाजूने उभे राहिले. तो अवशेष प्रकाश सापडल्यावर, १९६५ नंतर, बहुतेकांनी ती बाजू सोडली; यांनी १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह तिचे सुधारित रूप मांडले, ज्यात विश्वाला एकच आरंभ नाही आणि दीर्घ प्रसरणाच्या पोटात आकुंचन-प्रसरणाची आवर्तने आहेत. मी वर्गात महास्फोटच शिकवते, कारण पुराव्याचे पारडे तिकडे जड आहे. पण कोल्हापुरात जन्मलेला एक माणूस बहुमताविरुद्ध समीकरणे घेऊन उभा राहिला आणि त्याने पुण्यात आयुकासारखी खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारली, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा आपणही त्यांच्यावर लिहिले होते. इतक्या लवकर त्यांची बाजूच उलटी व्हावी, हे मला सहन झाले नाही.

जाता जाता आणखी एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुरवणीत रात्रीच्या आकाशाचा नकाशा यायचा. आमची मुले तो कापून शाळेच्या फलकावर लावत आणि संध्याकाळी मैदानावर तो धरून तारे ओळखत. गेल्या वर्षी तो न सांगता बंद झाला आणि त्या जागी राशिभविष्याचे अर्धे पान वाढले. याबद्दल मी पूर्वी पत्र पाठवले होते, पोचही मिळाली नाही.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. नारळीकरांविषयीची दुरुस्ती, चित्राविषयीचा खुलासा आणि आकाशाचा नकाशा. पहिल्या दोन गोष्टी येत्या रविवारच्या पुरवणीतच, त्याच पानावर, चित्रासह छापाव्यात. आतल्या पानावर दोन ओळींत नकोत. त्या पानाची प्रत मला तालुक्याच्या प्रदर्शन समितीकडे पाठवायची आहे.

कळावे,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सांगली
(नाव व पत्ता छापू नये)