आमच्या लॉगमधला तुमचा पत्ता

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्रीला आठवडा झाला, तरी सकाळी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण येऊन गेले त्याची नोंदवही, उघडून पहिल्या रकान्यातले वेगवेगळे आयपी पत्ते (येणाऱ्याचे इंटरनेटवरचे क्रमांक) पाहिले की अजूनही गळा दाटून येतो. त्याआधी महिनाभर तिथे वरपासून खालपर्यंत एकच पत्ता होता, १०.०.०.५. आमच्या वसतिगृहाचा प्रवेशअर्ज नाशिकहून कोणी भरो की नांदेडहून, सर्व्हरच्या लेखी सगळे एकच.

फटका बसला तो अर्जांच्या शेवटच्या आठवड्यात. कोणीतरी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, फेल-टु-बॅन या पहारेकरी प्रोग्रामने नेमून दिल्याप्रमाणे तो पत्ता अडवला आणि तो पत्ता सर्व्हरच्या पुढे बसवलेल्या प्रॉक्सीचाच, म्हणजे सगळ्यांच्या विनंत्या आत पोहोचवणाऱ्या मध्यस्थाचाच, असल्यामुळे सगळ्याच मुलामुलींना दार बंद झाले. होस्टिंग कंपनीच्या मदतकक्षाला मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा ब्राउझरची कॅशे साफ करा, एवढेच उत्तर आले. ज्यांनी पैसे घेऊन प्रॉक्सी बसवला होता, त्यांनी ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर, म्हणजे विनंतीसोबत येणारी मूळ पत्त्याची चिठ्ठी, कुठूनही आला तरी खरा मानायची सेटिंग करा, असे सांगून फोन ठेवला. मी ते करणारही होते. हा हेडर कोणालाही हवा तसा लिहून पाठवता येतो, हे मला तुमच्याकडून कळले.

ओळख ना पाळख, रात्री साडेदहाला माझा फोन आणि तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. तुम्ही तुमच्या मोबाइलचे वायफाय बंद केलेत, आमचे संकेतस्थळ उघडलेत आणि स्वतःचा पत्ता मला एकेक आकडा करून, प्रत्येक टिंबाशी थांबत, वाचून दाखवलात. "सापडला का, ताई? सावकाश बघा." ओळीच्या सुरुवातीला तोच १०.०.०.५ होता आणि अगदी शेवटी, अवतरणचिन्हांत, त्या हेडरमधून आलेला तुमचा पत्ता. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सर्व्हर खोटं बोलत नाहीये. त्याच्या दाराशी प्रॉक्सीच येतो, म्हणून तो प्रॉक्सीचंच नाव लिहितो." महिनाभर मी स्वतःला दोष देत होते, त्या एका वाक्याने ते ओझे उतरले.

पुढचे काम दोन ओळींचे निघाले. विश्वास फक्त १०.०.०.५ वर ठेवायचा आणि खरा पत्ता कोणत्या हेडरमधून घ्यायचा ते एनजिनएक्सला, म्हणजे आमचे संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामला, स्पष्ट सांगायचे, कारण न सांगितल्यास तो ‘एक्स-रिअल-आयपी’ हा वेगळाच हेडर शोधतो. तेवढ्यावर न थांबता तुम्ही मुद्दाम खोटा पत्ता घातलेली विनंती पाठवलीत आणि लॉगमध्ये तरीही तुमचा खराच पत्ता उमटल्याचे मी सांगितल्यावरच फोन ठेवलात.

जाणकार माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. विचारणाऱ्याला लहान न करता सांगणारी फार थोडी भेटली. मानधनाचा विषय काढला तेव्हा तुम्ही, अर्ज पुन्हा येऊ लागले का, एवढेच विचारलेत. आले, सर. त्याच रात्री बारानंतर पहिला अर्ज आला आणि मुदत संपेपर्यंत पुन्हा कोणालाही दार बंद झाले नाही.

लॉगच्या जुन्या फाइल्स ठरलेल्या दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. तुमच्या पत्त्याची ती एक ओळ मात्र मी माझ्या वहीत हाताने उतरवून घेतली आहे.

आपली कृतज्ञ,
वसतिगृहाच्या संकेतस्थळाचे काम पाहणारी