चक्का आणि निवळी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला प्रोटीन पावडरच्या दोन डब्यांचा फोटो पाहिला. एक व्हेचा, व्यायाम झाल्या झाल्या घ्यायचा. दुसरा केसीनचा, झोपताना. खाली तुझा प्रश्न, "बाबा, दोन्ही घेऊ की एकच?" आणि त्याखाली तुझ्या ट्रेनरचं म्हणणं, की रात्री केसीन घेतलं नाही तर दिवसभराची मेहनत झोपेत वितळते. व्हॉट्सअॅपवर उत्तर लिहायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पत्र. डेअरीच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढलेल्या माणसाला केसीनबद्दल विचारलंस, आता वाच.

पाडव्याच्या आदल्या रात्री आई चक्का बांधते ते आठव. दह्याचं गाठोडं मोरीतल्या नळाला टांगलेलं, खाली पातेलं, आणि रात्रभर टप टप. तू लहानपणी त्या आवाजाला घाबरायचीस. सकाळी फडक्यात उरतो तो चक्का, म्हणजे मुख्यतः केसीन. पातेल्यात जमतं ते हिरवट पिवळं पाणी म्हणजे निवळी, आणि तुझं व्हे त्यातलंच. आई ती निवळी थालीपिठाच्या पिठात घालते. दुधातल्या प्रोटीनमध्ये साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असतं. म्हणजे तुझे दोन्ही डबे एकाच पातेल्यातून निघालेले. (अगदी काटेकोर बोलायचं तर आपण दूध आधी उकळतो, त्यामुळे थोडं व्हे केसीनला चिकटून चक्क्यातच राहतं. व्हेच्या डब्यातली पावडर बहुतेक चीजच्या कारखान्यातल्या निवळीची असते, गाळून वाळवलेली.)

आता जलद आणि सावकाश म्हणजे काय ते बघ. आम्ही काचपात्रात साय काढलेलं दूध घ्यायचो आणि थेंब थेंब आम्ल सोडायचो. बराच वेळ काही होत नाही. मग पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ४.६ च्या आसपास आला की केसीन पांढऱ्या चोथ्यासारखं खाली बसतं आणि वर पाणी स्वच्छ होतं. तुझ्या पोटातही तेच होतं. जठरातल्या आम्लाने केसीनचा गोळा होतो आणि तो हळूहळू सुटत राहतो. व्हे आम्लातही विरघळलेलंच राहतं, म्हणून ते भरभर पुढच्या आतड्यात जातं.

हे मोजून दाखवलं फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या संशोधकांनी, १९९७ साली. त्यांची युक्ती मला फार आवडते. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं, त्यातलंच एक ल्यूसीन; खुणेचा कार्बन असलेलं ल्यूसीन त्यांनी दुभत्या गायींना शिरेतून दिलं, म्हणजे दुधातलं प्रोटीनच खूण लावून बाहेर आलं. त्याचं व्हे आणि केसीन वेगळं करून तरुण मुलांना पाजलं. व्हेने रक्तातली अमिनो आम्लं झपकन चढली आणि तशीच उतरली. केसीनने ती पातळी कमी चढली, पण ७ तासांपर्यंत टिकून राहिली. व्हेने शरीरात नवं प्रोटीन बनण्याचा वेग ६८ टक्क्यांनी वाढला, केसीनने ३१ टक्क्यांनी. पण असलेलं प्रोटीन मोडणं केसीनने ३४ टक्क्यांनी कमी केलं, व्हेने नाही. आणि ७ तासांचा हिशोब मांडला तेव्हा शिल्लक केसीनची जास्त निघाली!

तुझ्या ट्रेनरकडे पोचली ती याच गोष्टीची अर्धी बाजू. ती मुलं उपाशीपोटी होती, व्यायाम न करता बसलेली होती, आणि मोजलं ते अख्ख्या शरीराचं, दंडाचं किंवा मांडीचं नव्हे. तू व्यायामाला जातेस तेव्हा दुपारचं जेवण पोटात अजून पचत असतं. झोपताना ४० ग्रॅम केसीन दिलं तर रात्री स्नायू जास्त बनतात, हे नेदरलँड्सच्या लोकांनी २०१२ मध्ये दाखवलं, ते खरंच आहे. पण तिथे केसीनच्या समोर होतं नुसतं पाणी. म्हणजे झोपण्यापूर्वी प्रोटीन खाल्लं तर उपयोग होतो, एवढंच त्यातून कळतं. केसीनचाच डबा हवा, हे नाही.

खरी मेख वेगळीच आहे. ४९ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जो हिशोब निघाला, त्यात वजनाच्या किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रोटीनपर्यंत स्नायूंना फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. तुझं वजन ५६, म्हणजे साधारण ९० ग्रॅम. आता तुझी मेस बघू. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, ती आरपार दिसणारी आमटी, भाजी-भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री परत तेच. मी पेन्सिल घेऊन मांडलं, ओढूनताणून ४५ होतात. निम्म्याची तूट आहे बाळा, आणि तुम्ही चर्चा करताय ती कुठलं लवकर पचतं याची.

दोन उकडलेली अंडी, १२. अर्धा लिटर दूध, १६. व्हेचा एक चमचा, तो डब्यातला मोठा, साधारण २४. झाले ९७. सोयाच्या वड्या सगळ्यात स्वस्त, कोरड्या ५० ग्रॅममध्ये २६ ग्रॅम, पण तुझं तोंड वाकडं होतं हे मला माहीत आहे. तेव्हा व्हेचा एक डबा घे, हरकत नाही. व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर वाया जातं, अशी धावपळ नको. दिवसाचा आकडा भरला की वेळेने फार बिघडत नाही. केसीनचा डबा मात्र राहू दे. रात्री दूध पी, नाहीतर पनीर खा, ते केसीनच आहे.

डबा घेताना एक गोष्ट बघ, ही माझ्या धंद्यातली. प्रोटीन आम्ही थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजतो आणि दुधासाठी ६.३८ ने गुणतो. त्यामुळे नायट्रोजन असलेलं काहीही स्वस्तात मिसळलं की कागदावर प्रोटीन वाढतं. दुधात युरिया घालणारे आम्ही पकडायचो. पावडरमध्ये तेच काम ग्लायसीन आणि टॉरीन करतात. घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर डबा खाली ठेव. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी परवाना क्रमांकही बघून घे. ट्रेनरच विकत असेल तर दोनदा बघ.

आणि एक गंमत. त्याच फ्रेंच मंडळींनी पुढे म्हाताऱ्यांवर प्रयोग केला, तर तिथे जलद व्हेच सरस निघालं. वयाने स्नायूंना कमी ऐकू येतं, जोरात हाक मारावी लागते. जिना चढताना माझे गुडघे काय बोलतात ते तुला माहीत आहे, म्हणून आई आता निवळी थालीपिठात न घालता मलाच पाजते. चव विचारू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने चक्का पाठवतोय, साखर घातलेली नाही. सकाळी स्वारगेटला जाऊन घे आणि लगेच फ्रीजमध्ये ठेव. स्टीलचा डबा परत दे. मागचे दोन तुझ्याकडेच आहेत, आई रोज विचारते.