खालची खोली

नाशिक,
6 एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अनघाची बातमी कळल्यापासून आमच्या घरात तुमचाच विषय आहे. आईने तर बाळंतविड्याची तयारीही सुरू केली. अक्षय्यतृतीयेनंतर अनघाला माहेरी आणणार, असं तू फोनवर म्हणालास आणि पुढे म्हणालास, "नाशिक काय, थंडच की!" निफाडच्या थंडीच्या बातम्या वाचून म्हणत असशील. ते डिसेंबर-जानेवारीचं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. तुझ्या बंगळूरला तसा उन्हाळा असतो का?

माझी खरी काळजी मात्र माहेरी तिच्यासाठी तयार केलेल्या वरच्या खोलीची आहे. परवा सिडकोत गेलो होतो, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी कौतुकाने दाखवली. नवा रंग, स्वतंत्र संडास-बाथरूम, सगळं छान. पण डोक्यावर उघडा स्लॅब आणि खिडकी पश्चिमेला. नाशिकची हवा रात्री निवते, स्लॅब मात्र निवत नाही. मध्यरात्रीपर्यंत तो वरून भाजत असतो.

अनघाला आता सहावा लागलाय ना? म्हणजे बाळाच्या फुप्फुसांचं ऐन काम सुरू आहे. श्वासनलिकेच्या फांद्या साधारण सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून होतात. पुढे त्यांच्या टोकाशी बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं, हवेच्या पिशव्या तयार होऊ लागतात. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास सर्फॅक्टंट बनायला लागतं. श्वास सोडल्यावर त्या पिशव्या आतून चिकटून मिटू नयेत म्हणून लागणारा हा थर पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे जातात. तुमच्या हिशेबाने हा सगळा काळ आत्तापासून जूनअखेरपर्यंतचा, म्हणजे बराचसा आमच्या भर उन्हाळ्यातला.

बाळाला स्वतःला घाम काढून गार होता येत नाही. त्याचं तापमान आईपेक्षा जवळजवळ अर्धा अंश जास्तच असतं आणि ती उष्णता वारेतून (प्लासेंटातून) आईच्या रक्तात जाते. आईच तापली की तिचं रक्त कातडीकडे धावतं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं आणि वारेकडचा पुरवठा घटू शकतो.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यात 343 आई-बाळांच्या जोड्या होत्या. विसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यात आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात ज्यांच्या वाट्याला जास्त उष्मा आला, त्यांपैकी मुलींमध्ये श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा कमी आणि श्वासाची गती जास्त आढळली. मुलग्यांमध्ये तसं दिसलं नाही. एका गावातली एवढीशी बाळं. यावरून "उन्हाळ्यात दिवस गेले की दमा होणारच" असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. पण आल्प्सच्या कुशीतल्या गावात हे दिसतं, तर सिडकोतल्या स्लॅबखाली काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यापेक्षा भक्कम गोष्ट अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची. 2020 साली सत्तावीस देशांतले सत्तर अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उष्णतेच्या लाटेत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि दिवस न भरलेल्या बाळाचं पहिलं दुखणं फुप्फुसाचंच.

खोलीचा हट्ट मी का धरतोय, ते अहमदाबादवरून कळेल. 2010 च्या मे महिन्यात तिथे पारा 46.8 वर गेला होता. शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर होता आणि उष्म्याने आजारी पडलेली नवजात बाळं अतिदक्षता विभागात येऊ लागली. वॉर्ड तळमजल्यावर हलवला आणि ती संख्या घटली. नवं औषध नाही की यंत्र नाही, फक्त जिना उतरला.

म्हणून म्हणतो, अनघाला खालची खोली द्या. सासऱ्यांचा टीव्ही वर जाऊ दे. बातम्या काय, वरही त्याच लागतात. गच्चीवर पांढरा चुना मारायला माणूस मी बघतो, कूलरही बघतो. मेपर्यंत कोरड्या हवेत कूलर छान चालतो, जूनच्या दमटपणात त्याचा उपयोग नाही. पहिल्या पावसानंतरच तिला आणावं, असंही मनात आलं होतं. पण तोवर आठवा लागेल, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतील, आणि डोहाळजेवण चुकलं तर आमची आई तुला उभा करणार नाही.

दुसरं म्हणजे शेकशेगडी. ऑगस्टात बाहेर झड लागली की आत खिडक्या बंद, बाळाला टोपडं-दुपट्ट्यात करकचून गुंडाळणं आणि गोवरीवर ओवा-वावडिंगाची धुरी, हे ठरलेलं. ऊब हवीच, पण आईच्या उघड्या छातीशी धरलं तरी बाळाला ती मिळते. धुराने मात्र त्या कोवळ्या फुप्फुसांचं काही भलं होत नाही. मालिश करा, डिंकाचे लाडू करा, मला दोन पाठवा. धुरी तेवढी नको.

सासूबाईंशी मात्र तूच बोल. मी बोललो तर "तुला रे काय कळतं बाळंतपणातलं?" म्हणून हाकलतील. जावयाला तसं म्हणता येत नाही.

तुझा,
मन्या